बाळंतिणीच्या खोलीतला वास

दिनांक २५ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेअकरा वाजता लिहून घेतलेला जबाब.

नाव कस्तुराबाई गुलाबराव राखोंडे, वय ५४ वर्षे, शिक्षण दुसरी, धंदा भाजीपाल्याची शेती व बाजारात भाजी विकणे, राहणार मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा मळा, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम.

मी आज पोलीस स्टेशनला स्वतःहून आले आहे. मला कोणी बोलावले नाही व कोणी पाठवलेही नाही. घरी मेथी विकायला जाते असे सांगून निघाले. मेथीची टोपली बाहेर बाकाखाली ठेवली आहे. महिला हवालदार रंजीता मॅडम यांच्या समोर बसून मी सांगते ते असे की,

वरील ठिकाणी मी, पती गुलाबराव, मुलगा गजेंद्र वय २७ व सून रुचिका वय २२ असे राहतो. मुलगी अंजू कामरगावला दिलेली आहे. ती सध्या आमच्याकडे आली आहे. मी तीस वर्षांपासून आठवडी बाजारात बसते. कांद्याच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, एक कांदा सडका असला तर मी कट्टा न उघडता सांगते. बाजारातल्या बाया माल घेताना मला वास घ्यायला बोलावतात. हे लिहायची गरज नाही असे मॅडम म्हणाल्या, पण मी लिहायला लावले. पुढे त्याचे काम आहे.

काल दिनांक २४ रोजी अकोल्याच्या दवाखान्यात रुचिकाने पोलिसांना जबाब दिला की, पोटली मी स्वतः आणली, स्वतः ठेवली, घरच्या कोणाला माहीत नव्हते. तो जबाब खोटा आहे. पोटली म्हणजे ओवा, हळद, तुरटी आणि कसलीशी काळी पूड कापडात बांधून केलेली सुपारीएवढी गाठोडी. तिला दोरा असतो. ती बाईच्या अंगात ठेवतात. ती पोटली मी आणली व मीच ठेवली. पोरीला त्यातले काही माहीत नव्हते.

दिनांक ६ फेब्रुवारीला गुरुवारी सकाळी सहाच्या सुमारास रुचिकाचे पाणी गेले. आमची भाजीची गाडी पालक घेऊन गजेंद्रसोबत गेली होती. मी म्हणाले, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. आम्ही तिला दुपारी दोन वाजता सरकारी दवाखान्यात नेले. संध्याकाळी साडेपाचला मुलगी झाली. बाळ व आई दोघी बऱ्या होत्या. रविवारी दिनांक ९ रोजी घरी सोडले. सोडताना तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितले, "मावशी, ताप आला, पोट दुखलं, नाही तर जाण्याला घाण वास आला, तर पाचवी-बारसं पाहू नका. उठून या." मी हो म्हणाले. जाणे म्हणजे बाळंतिणीच्या अंगावरून जाते ते. साहेब लोकांना हे ऐकायला किळस येते असे दिसते, कारण बाजूच्या टेबलावरचे जमादार इथे उठून बाहेर गेले. त्यांनाही कोणीतरी जन्म दिला असेल.

आमच्या घरात बाळंतिणीला मागची खोली देतात. बारा दिवस तिच्या खोलीत पुरुष जात नाही. तिचे घ्यायचे कपडे म्हणजे जुन्या लुगड्याचे तुकडे. ते तिनेच धुवायचे आणि कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे वाळवायचे. ही पद्धत माझ्या सासूने मला लावली, मी रुचिकाला लावली. वाळवायची जागा गोठ्याच्या मागे, ओल्या बारदान्याखाली. भाजीवर टाकायचा बारदाना मी रोज धुऊन उन्हात टाकते, नाही तर पालकाला वास लागतो. तिचे कपडे मी उन्हात टाकू दिले नाहीत. ते तसेच ओलसर घेऊन ती वापरत होती. त्यावर गोठ्यातल्या माशा बसत. मी माशा पाहिल्या होत्या.

सोमवारी दिनांक १० रोजी पाचवी पुजली. मंगळवारी दिनांक ११ रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, सकाळी मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले तेव्हा खोलीत वास आला. मॅडमनी इथे 'दुर्गंधी' लिहिले होते. मी 'घाण' म्हणाले होते, तसेच लिहायला सांगितले. तो वास बाळंतपणातला असावा असे मला वाटले. रुचिका म्हणाली, "आई, अंग गरम लागून राह्यलं. ओटीपोटात कळा येते." मी तिला म्हणाले, "घाण जाऊन राह्यली पोरी. जेवढी जाईन तेवढी चांगली. दूध येते ना, मंग अंग गरमच राह्यते." तिने वाटी घेतली. ती उलटून बोलत नाही.

त्या दिवसापासून मी धुरी वाढवली. बाळंतिणीला बाजेखाली निखारे ठेवून ओवा, बाळंतशेपा, कडुनिंबाचा पाला यांची धुरी देतात. आधी दिवसातून दोनदा देत होते, ती चारदा केली. खोलीत माणूस दिसत नव्हता एवढा धूर. बाळ ठसकायचे. धुरीचा उग्र वास आणि खालचा तो गोडसर वास मिळून असा काही दर्प झाला की गजेंद्र जेवायला मधल्या घरात येईना. तो मळ्यातल्या खोपीत जेवू लागला. मला म्हणाला, "काय व माय, मेलेलं उंदीर हाय का घरात?" ज्या बायकोपायी त्याने लग्नात दोन दिवस घोड्यावरून उतरायचे नाव घेतले नव्हते, तिच्याबद्दल हे बोलला. मी त्याला रागावले नाही. मीही नाकाला पदर लावूनच आत जात होते.

मॅडमनी विचारले की, त्याच दिवशी दवाखान्यात का नेले नाही. बारसे सोमवारी दिनांक १७ ला धरले होते. साठ बायांना सांगणे गेले होते. दवाखान्यात नेले असते तर बारसे मोडले असते, आणि कस्तुराबाईच्या घरी बाळंतीण नासली असे सगळ्या बाजारात झाले असते. माझ्या मालाला कधी कोणी नाव ठेवले नाही. त्याचा मला ताठा होता. बारसे होईपर्यंत वास दाबायचा आणि मग पाहू, असे मी मनात ठरवले.

गुरुवारी दिनांक १३ रोजी बाजार होता. माझ्या पसाऱ्याला लागून रामराव नावाचा इसम जडीबुटी घेऊन बसतो. पूर्ण नाव व गाव मला माहीत नाही. वय साठच्या आसपास, डोक्याला फेटा, पुढचे दोन दात नाहीत. आठ वर्षांपासून माझ्या ताडपत्रीची सावली वापरतो. मी त्याला सांगितले की सुनेच्या अंगावरून वास येतो. तो म्हणाला, "पिशवी साफ झाली नाई तिची. दोन पोटल्या ठेव, बारशाले पोरगी गुलाबावानी वास मारते का नाई पाय." त्याने माझ्यासमोर पोटल्या बांधल्या. कापड फाडले ते त्याच्या मांडीवरच्या फडक्यातून. त्याच फडक्याने तो दिवसभर तराजू पुसतो, तंबाखूचे तोंड पुसतो, कुत्रे आले तर तेच झटकतो. दोऱ्याला गाठ मारताना त्याने दोरा जिभेवर ओला केला. हे सर्व मी एक हात अंतरावरून पाहिले. गिऱ्हाइकाला मी चिखल लागलेला मुळा देत नाही. त्या पोटल्या मी कंबरेच्या पिशवीत टाकून घरी आणल्या.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी पहिली पोटली ठेवली. रुचिका म्हणाली, "आई, नका ना. लय दुखते. दवाखान्यात जाऊ ना आपन." मी म्हणाले, "आमी नाई का बाळंत झालो? पाय मोकये कर." ती रडली नाही. बाजेची दोरी धरून राहिली. मी हात धुतले होते काय, असे मॅडमनी विचारले. मी त्याआधी उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या सोडून पाण्यात टाकत होते. हात लुगड्याला पुसले होते.

शनिवारी दिनांक १५ रोजी पोटली काढायला गेले तर दोरा हातात आला, पोटली आली नाही. मी रामरावला अंजूच्या फोनवरून विचारले. तो म्हणाला, "ते इरघळते आतमंधी. काई होत नाई. दुसरी ठेव." मी दुसरी ठेवली. कापड विरघळते काय, हे मी स्वतःला विचारले नाही. तीस वर्षे मी कापड धुते आहे.

सोमवारी बारसे झाले. अंजूने खोलीत अत्तराचे बोळे ठेवले, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावला. रुचिकाला नवे लुगडे नेसवून बाजेवर बसवले. तिचे ओठ पांढरे होते आणि दात वाजत होते. बाया पाळण्याजवळ आल्या, दोन ओळी म्हटल्या आणि पदर नाकाला लावून अंगणात पळाल्या. तिथे बसून त्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, डिंकाचे लाडू खाल्ले, वर आणखी मागून पदरात बांधले. खाता खाता एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एकीनेही मला, "हिले ताप हाय व, दवाखान्यात ने," असे म्हटले नाही. मला त्या बायांची किळस आली. नंतर ध्यानात आले की त्यांनी मला विचारले असते तरी मी त्यांना काय सांगितले असते. घाण जाऊन राह्यली, हेच.

मंगळवारी दिनांक १८ रोजी सकाळी सात वाजता बाळ रडत होते आणि रुचिका त्याला घेत नव्हती. मी हलवले तर ती मला ओळखेना. अंग फणफणत होते आणि हातपाय गार होते. पांघरूण काढले तेव्हा जे खाली होते ते मी सांगत होते, पण मॅडमनी हात वर केला, म्हणून ते लिहिलेले नाही. गजेंद्रने गाडीच्या मागच्या भागात गादी टाकली. गाडीत पालकाची पाने पडलेली होती. तो पुढे बसला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. वाशीमला नेले. तिथून अकोल्याला पाठवले.

बुधवारी दिनांक १९ रोजी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिथल्या डॉक्टरबाईने मला, माझ्या पतीला व गजेंद्रला बोलावून सांगितले की, पिशवीच्या आतल्या अस्तराला जंतू लागून पू झाला, तो सगळ्या पिशवीत व रक्तात गेला, त्यामुळे पिशवी काढावी लागली, नाही तर बाई गेली असती. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, बाळामागून पडते त्या वारेचा नखाएवढा तुकडा आत राहिला होता. तो कधी कधी राहतो, त्यात कोणाचा दोष नसतो, पण तो सडतो आणि वास येतो. पाणी जाऊन आठ तास घरी ठेवले, त्यानेही जंतूंना वाट मिळते. बाळंतपणानंतर पिशवीचे तोंड काही दिवस उघडे असते, तेव्हा तिथे मळका हात, ओलसर कपडा काही जायला नको. त्या म्हणाल्या, "वास आला त्या दिवशी आणलं असतं तर तुकडा काढून, औषध देऊन चार दिवसांत घरी पाठवलं असतं. धुरीनं जंतू मरत नाहीत आजी, फक्त आपल्याला वास कळत नाही." नंतर त्यांनी एका भांड्यात पोटली दाखवली. कापडावर निळी रेघ होती. ती रामरावच्या फडक्याची रेघ आहे. ते कापड पोलिसांनी जप्त केले असेल तर मी ओळखून देते.

डॉक्टरबाईने ती पोटली दाखवली तेव्हा गुलाबराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि गजेंद्र ओकायला बाहेर गेला. परत आला तो हेच बोलत आला, "पिशवीच नाई तं बाई कायची?" हे तो दवाखान्यातल्या जिन्यात, माणसे जात-येत असताना बोलला. तो माझ्या पोटचा आहे. ज्या पिशवीची त्याला एवढी किळस आली तशाच एका पिशवीत तो नऊ महिने होता.

रविवारी दिनांक २३ रोजी घरी बोलणे झाले. मी, पती, गजेंद्र व अंजू हजर होतो. गजेंद्र म्हणाला की रुचिकाला दवाखान्यातून परस्पर तिच्या वडिलांकडे, ग्यानबा यांच्याकडे धाडायचे. तिने स्वतः करून घेतले असे तिच्या तोंडून पोलिसात लिहून झाले की आपल्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, आणि दुसरे पाहायला मोकळे. माझे पती म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. माह्या बायकोचं नाव पोलिसात नाई गेलं पायजे." मला वाचवायला हे चालले होते असे त्यांनी मला दाखवले. मी उठून बाळाचे दूध गरम करायला गेले.

काल सकाळी पोलीस यायच्या आधी गजेंद्र रुचिकाच्या खाटेजवळ गेला. बारशाच्या आधीपासून तो तिच्या एवढा जवळ गेला नव्हता. मी दाराशी उभी होते व मला स्पष्ट ऐकू आले. तो म्हणाला, "पोरगी माह्याजवळ हाय. सांगतो तसं सांग, तं घेऊन जाईन तुले घरी. नाई तं पोरगी इसर." रुचिका म्हणाली, "मी काहून सांगू असं? आईनं ठेवली ना." तो म्हणाला, "आईले जेलात धाडतं का?" मग तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मग पोलीस आले आणि त्याने शिकवले तसे तिने सांगितले. सांगताना तिने एकदाही माझे नाव घेतले नाही. घरी मात्र तिला कोणी नेणार नाही, हे तिला माहीत नाही.

संध्याकाळी मी रामरावकडे गेले. काल बाजाराचा दिवस नव्हता, तरी तो रोज बाजारतळावर त्याच जागी बसतो. तो म्हणाला, "मी तं ओवा इकतो बाई. पोटली-फिटली मले काई मालूम नाई. तुह्या सुनेनं लिहून देल्लं ना." चोराच्या उलट्या बोंबा. एवढे होऊन त्याच फडक्यावर दुसऱ्या एका बाईसाठी तो पूड बांधत होता. मी त्या बाईचा हात धरून तिला उठवले. ती माझ्यावरच चिडली. म्हणजे रुचिकाचा जबाब तसाच राहिला तर हा इसम उद्याही तिथेच बसणार, माझ्या ताडपत्रीच्या सावलीत.

माझे म्हणणे असे की, पोटली देणारा रामराव, ठेवणारी मी. रुचिका नको म्हणत होती. ती दवाखान्यात जाऊ म्हणाली होती. तिने स्वतः काही केलेले नाही. तिच्यावर दोष टाकून तिला माहेरी टाकायचा विचार आहे, त्याला मी राजी नाही. तिची मुलगी माझ्याकडे आहे. ती मी रुचिकाच्या हातात देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही. माझे घर मी सासऱ्यांच्या वेळेपासून चालवते. तिथे कोण राहील हे माझा मुलगा एकटा ठरवू शकत नाही. माझ्यावर जी काय कारवाई होईल ती व्हावी. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून मी एवढे दिवस थांबले. आता थांबत नाही.

हवालदार मॅडमनी हा जबाब मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मंगळवार दिनांक ११ च्या ठिकाणी, "तो वास बाळंतपणातला असावा असे मला वाटले," हे वाक्य आल्यावर मी त्यांना थांबवले. ते मीच सांगितले होते. ते खोटे आहे. ते खोडू नये, तसेच राहू द्यावे आणि खाली लिहावे असे मी सांगितल्यावरून लिहिले ते असे की, मी शिऱ्याची वाटी घेऊन दाराबाहेर उभी होते, दार अजून उघडले नव्हते, आणि आत काहीतरी सडत आहे हे मी तेव्हाच ओळखले होते. सडल्याचा वास ओळखायला मला कट्टा उघडावा लागत नाही.

एवढी दुरुस्ती धरून जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मला सही येते. सही केली.